परीक्षेत आणि लढतीत हातपाय गळतात तेव्हा: मार्शल आर्ट्सच्या खेळाडूंसाठी

सरावात डोळे मिटूनही करता येणारा काता (हालचालींचा ठरलेला क्रम) बेल्टच्या परीक्षेत परीक्षकांसमोर उभे राहिल्यावर मध्येच पुसला जातो, किंवा रोजच्या लढतीत सहज लागणारी किक स्पर्धेच्या मॅटवर सुचतच नाही, हा अनुभव कराटे, तायक्वांदो, ज्युदो अशा कोणत्याही प्रकारातल्या खेळाडूला नवा नाही. अशा वेळी ‘घाबरू नकोस’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो कुणालाच पाळता येत नाही, कारण घाबरणे हे काही आपण ठरवून करत नाही. समोरचा अंगावर येणार आहे किंवा कुणीतरी आपल्याला जोखणार आहे असे मेंदूला वाटले की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहात गार पडतात आणि पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते. शरीर तयारीला लागल्याची ही लक्षणे आहेत आणि अनुभवी खेळाडूंनाही ती जाणवतात. म्हणून भीती घालवण्याचा उपाय येथे दिलेला नाही. ती अंगात असतानाही तंत्र चालू राहावे यासाठी काय करता येते, ते सांगितले आहे.

सर्वांत आधी आपली भीती नेमकी कशाची आहे ते ओळखावे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन भीतींचे उपाय वेगळे आहेत. एक भीती असते पाहिले जाण्याची. काता, पूमसे (तायक्वांदोतला काता), प्रात्यक्षिक आणि परीक्षा यांत ती मुख्य असते. दुसरी असते मार लागण्याची किंवा पडण्याची. ओळखायची खूण सोपी आहे: रिकाम्या हॉलमध्ये, कुणी पाहत नसताना, आपल्याहून सरस जोडीदाराशी पूर्ण वेगाने लढतानाही पोटात गोळा येत असेल, तर प्रेक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. क्वचित तिसरीही भीती आढळते, समोरच्याला आपल्या हातून इजा होईल याची. ती बहुधा ताकदवान पण नवख्या खेळाडूंना वाटते आणि फटक्यावर ताबा आला की आपोआप ओसरते.

मार लागण्याच्या भीतीवर ‘चार फटके खाल्ले की सवय होते’ असे काही प्रशिक्षक सांगतात. माझ्या मते हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण त्यातून बहुतेकांना फटका खाण्याची नव्हे, तर डोळे मिटून मागे सरकण्याची सवय लागते. त्याऐवजी पायऱ्या कराव्यात. पहिल्या पायरीवर जोडीदाराने अर्ध्या वेगाने फक्त पुढच्या हाताचा पंच मारावा आणि आपण काहीही परत न मारता, गार्ड (बचावासाठी धरलेले हात) वर ठेवून, डोळे उघडे ठेवून तो येताना पाहावा. मग दोन प्रकारचे हल्ले, मग हलक्या स्पर्शाची मोकळी लढत, आणि शेवटी पूर्ण वेग, असा क्रम ठेवावा. दातांचे आणि नडगीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून वापरावे. पुढच्या पायरीवर केव्हा जायचे, हे श्वास सांगतो: हल्ला येताना आपण श्वास रोखत असू, तर अजून याच पायरीवर थांबावे. ज्युदोत हीच भीती बरेचदा पडण्याची असते आणि तिथे पडण्याच्या तंत्राकडे परत जाण्याखेरीज दुसरा जवळचा रस्ता नाही. भीतीपोटी केवळ बचाव करत राहणे नियमांच्या दृष्टीनेही महागात पडते; ज्युदोत हल्ला टाळत राहणाऱ्याला शिदो (दंडाचा इशारा) मिळतो आणि ३ शिदो झाले की लढत हातची जाते.

पाहिले जाण्याच्या भीतीचा उलगडा रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये केलेल्या मांडणीतून चांगला होतो. इतरांच्या उपस्थितीत माणसाची सर्वांत पक्की सवय उसळून वर येते. म्हणून मुरलेले काम प्रेक्षकांसमोर अधिक चांगले होते आणि अर्धवट शिकलेले काम अधिक बिघडते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की परीक्षेच्या आधीच्या १५ दिवसांत नवे तंत्र शिकू नये आणि स्पर्धेत जिथे निवडीची मुभा असेल तिथे दिसायला अवघड काता निवडण्यापेक्षा अंगात मुरलेला निवडावा. प्रशिक्षकांना हे पटवणे कधी कधी अवघड जाते, तरीही आग्रह धरावा.

काता मध्येच विसरण्याचे कारण मात्र वेगळे आणि बरेचसे आपल्याच हातचे असते. आपण तो नेहमी पहिल्या हालचालीपासून सुरू करतो, त्यामुळे प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीला साखळीसारखी अडकलेली राहते आणि एक कडी निसटली की पुढचे काहीच हाती लागत नाही. शिवाय रोजच्याच हॉलमधला आरसा, खिडकी, दार या खुणा नकळत आठवणीचा भाग होतात. म्हणून काताचे ४ किंवा ५ तुकडे पाडून कोणत्याही तुकड्यापासून सुरुवात करण्याचा सराव करावा. जोडीदाराने आकडा सांगावा आणि आपण त्याच जागेपासून पुढे जावे. दर वेळी वेगळ्या भिंतीकडे तोंड करावे, एकदा अंगणात, एकदा अरुंद खोलीत, एकदा आरशाकडे पाठ करून. आणि चूक झाल्यावर काय करायचे, याचाही स्वतंत्र सराव करावा: जोडीदाराने मध्येच मोठ्याने टाळी वाजवावी, आपण चेहरा न बदलता, मान न हलवता, पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला पोहोचावे. परीक्षकांच्या लक्षात न आलेली चूक आपला चेहराच त्यांना अनेकदा दाखवून देतो.

यापुढची गोष्ट सर्वांत उपयोगी आहे आणि तीच सर्वांत कमी केली जाते: दडपण सरावातच आणणे. नेदरलँड्समधील राऊल आउडेयान्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पोलिसांनी उलट गोळ्या झाडणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, रंगाच्या गोळ्यांनी, नेमबाजीचा सराव केला आणि इतरांनी पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर. सरावानंतर दडपणाखाली पहिल्या गटाचा नेम पूर्वीसारखा बिघडला नाही. दुसऱ्या गटाचा बिघडत राहिला. आपल्यासाठी यातून निघणारी योजना अशी: आठवड्यातून एकदा पूर्ण गणवेशात, नाव पुकारून, नमस्कारापासून शेवटपर्यंत नकली परीक्षा घ्यावी, अनोळखी व्यक्तीला समोर बसवावे, चित्रण करावे आणि एकच संधी ठेवावी. ‘पुन्हा एकदा करतो’ ही सवलत सरावात मिळत राहिली, तर मन प्रत्यक्ष परीक्षेतही तीच शोधते. लढतीसाठी आपण गुणांत मागे आहोत असे धरून शेवटच्या ३० सेकंदांचे सामने खेळावेत.

प्रत्यक्ष वेळी लक्ष कुठे ठेवावे, हा प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकात ताकुआन सोहो या झेन भिक्षूने तलवारबाज याग्यू मुनेनोरीला लिहिताना सांगितले होते, की मन समोरच्याच्या तलवारीवर थांबले तर ते तिथेच अडकते, आणि स्वतःच्या तलवारीवर थांबले तरी अडकतेच. आधुनिक प्रयोगांतूनही जवळपास हेच दिसते: दडपणाखाली खेळाडू स्वतःच्या गुडघ्याचा कोन, मनगटाची वळणे तपासू लागतो आणि एरवी आपोआप होणारी हालचाल तुटक होते. ‘विचारच करू नको’ असे स्वतःला सांगून मन रिकामे होत नसते, म्हणून त्याला एकच छोटे काम द्यावे. कातासाठी ‘खोल’ किंवा ‘सोड’ असा एक शब्द पुरतो. लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या छातीच्या वरच्या भागावर सैल नजर ठेवावी, म्हणजे हात आणि पाय दोन्ही कडेने दिसत राहतात. २०१३ मध्ये जर्मनीत तायक्वांदो, फुटबॉल आणि बॅडमिंटनच्या उजव्या हाताच्या खेळाडूंवर झालेल्या प्रयोगांत, कामगिरीआधी डाव्या हातात मऊ चेंडू दाबणाऱ्यांचा खेळ दडपणाखाली टिकून राहिला. हा उपाय विचित्र वाटतो खरा, पण त्याला एका चेंडूपलीकडे काही लागत नाही.

स्पर्धेच्या दिवशी खरा त्रास वाट पाहण्याचा असतो. नाव केव्हा पुकारले जाईल याचा भरवसा नसल्यामुळे वॉर्म-अप एकदाच जोरात करून गारठून बसण्यापेक्षा सकाळी एकदा पूर्ण आणि नंतर पाळी जवळ आली की १० मिनिटांचा छोटा, असा दोनदा करावा. प्रतिस्पर्ध्याच्या लढती पाहत बसू नये. ते काम प्रशिक्षकाचे आहे. सवयीपेक्षा जास्त चहा-कॉफी घेतल्यास धडधड वाढते आणि ती भीतीच आहे असे वाटू लागते. श्वास ४ सेकंद आत आणि ६ सेकंद बाहेर, असा ३ मिनिटे घ्यावा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून तो लांबवायचा. ‘मी शांत आहे’ असे स्वतःशी घोकणे मात्र सोडून द्यावे, कारण धडधडत्या छातीला ते पटत नाही. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांआधी ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी शांत होऊ पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती.

लढत सुरू झाल्यावर पहिल्या २० सेकंदांत काय करायचे, ते आधीच ठरलेले असावे: ‘पंचांनी सुरुवात म्हटली की मी डावीकडे एक पाऊल टाकून पुढच्या पायाची किक मारेन.’ ती लागली नाही तरी चालेल. पाय हलले की अंगातला ताठरपणा मोडतो. पकडीच्या खेळांत घाबरलेला खेळाडू पहिल्याच मिनिटात मूठ इतकी आवळतो की त्याचे हात भरून येतात, म्हणून पंचांनी थांबवले की प्रत्येक वेळी बोटे मोकळी करावीत. तायक्वांदोत २ मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये १ मिनिटाची विश्रांती मिळते; त्यातले पहिले अर्धे मिनिट प्रशिक्षकाने काहीही बोलू नये, खेळाडूला श्वास घेऊ द्यावा आणि नंतर एकच सूचना द्यावी.

निकालाची चिरफाड त्याच दिवशी करू नये. दुसऱ्या दिवशी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: भीती केव्हा सर्वाधिक होती, त्या वेळी अंगात काय झाले आणि तरीही कोणते तंत्र चालले. आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, स्पर्धेआधी दर वेळी उलट्या होत असतील किंवा सरावालाच जाणे टळू लागले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्रीडा मानसशास्त्रज्ञ यांना भेटावे. छातीत दुखणे किंवा भोवळ येणे यांना मात्र भीती समजू नये, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. या तक्रारी नसतील, तर पुढची छोटी स्पर्धा किंवा निदान नकली परीक्षा महिन्याभराच्या आत ठेवावी, कारण जितके दिवस मॅटपासून लांब राहावे तितकी ती डोळ्यांसमोर मोठी होत जाते.