फिजिक्स कच्चं असताना इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष

सीईटीत गणिताला १०० मार्क, फिजिक्सला फक्त ५०. त्यामुळे गणिताच्या जोरावर सीट मिळवलेले आणि फिजिक्स पाठांतरावर निभावलेले बरेच जण दरवर्षी एफईच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात येऊन बसतात. मीही त्यातलाच. अशांना पहिल्या महिन्यातच घाम फोडतो तो मेकॅनिक्स.

पण म्हणून अकरावी-बारावीचं सगळं फिजिक्स पुन्हा काढून बसू नका. तेवढा वेळ मिळत नाही आणि गरजही नसते. बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकातले व्हेक्टर्स आणि न्यूटनचे नियम एवढे दोन धडे नीट करा. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट आहे. मग सगळा जोर एफबीडीवर, म्हणजे फ्री बॉडी डायग्रामवर लावा: वस्तू एकटी काढायची आणि तिच्यावरचं प्रत्येक बल बाणाने दाखवायचं.

एक नमुना बघा. ३० अंशांच्या उतारावर १०० न्यूटन वजनाचा ठोकळा स्थिर आहे, म्यू (घर्षण गुणांक) ०.७. घर्षण किती? निम्मा वर्ग म्यू गुणिले एन (उताराची ठोकळ्यावरची लंब रिअ‍ॅक्शन) करून मोकळा होतो. एन ८६.६, म्हणून उत्तर ६०.६. पण उतारावरून खाली खेचणारं बल फक्त ५० न्यूटन आहे. घर्षण ६०.६ असतं, तर ठोकळा आपला आपणच वर चढू लागला असता! ६०.६ ही घर्षणाची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात ते लागेल तेवढंच, म्हणजे ५०. आकृतीत बाण काढून बेरीज शून्य केली की हे आपोआप दिसतं. सूत्र आधी आठवलं की हमखास फसायला होतं.

बीईईत, म्हणजे बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये, अडतं ते अधिक-उणे चिन्हांपाशी. सर्किटच्या लूपमध्ये करंटची दिशा मनाने धरा आणि केव्हीएल (किरचॉफचा व्होल्टेजचा नियम) लिहिताना ती शेवटपर्यंत बदलू नका. उत्तर उणे आलं तर खाडाखोड नको; करंट उलट दिशेने वाहतोय, इतकाच त्याचा अर्थ.

गंमत म्हणजे खुद्द इंजिनीअरिंग फिजिक्सचा पेपर त्या मानाने सोपा जातो. लेझर, इंटरफेरन्स, सेमीकंडक्टर असली थिअरी आणि डेरिव्हेशन्स लिहून काढली की निघतो.

ट्यूटोरियलला मात्र फळ्यावरचं उत्तर उतरवून घेत बसू नका. नुसती एफबीडी काढून सरांना दाखवा आणि राहिलेला बाण कुठला ते विचारा. बहुतेक वेळा टेकूची रिअ‍ॅक्शन राहिलेली असते. आणि कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, तेही बघून घ्या.