इनले तळ्याची छोटी मरळ टाकीत कशी सांभाळावी

मरळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाजारातली हातभर लांब मरळ येते. ही तिची वीतभराहूनही लहान चुलत बहीण. म्यानमारच्या शान पठारावरचं इनले तळं आणि त्याच्या आसपासचं पाणी हेच तिचं माहेर. १९१८ साली नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि ब्रह्मदेशाचे लेफ्टनंट गव्हर्नर राहिलेल्या हारकोर्ट बटलर यांचं नाव तिला दिलं: चन्ना हारकोर्टबटलरी. एवढ्याशा माशाला केवढं ते नाव!

हे तळं सुमारे ८८० मीटर उंचीवर आहे, म्हणून हिला थंडावा लागतो. हीटर विकत घेऊच नका. पाणी २० ते २४ अंश ठेवा. थंडीत १८ पर्यंत उतरलं तरी बिघडत नाही. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत. पाण्यावर पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण त्यासाठी झाकण उघडं ठेवलंत तर सकाळी मासा फरशीवर सापडेल. मरळी उड्या मारतात आणि फटीतूनही निसटतात. म्हणून काचेऐवजी चौकटीत बारीक जाळी ताणून बसवा, वर वजन ठेवा आणि वायरीची भोकं स्पंजने बुजवा.

टाकी काठोकाठ भरू नका. ही मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे जाळीखाली आठ-दहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जोडीसाठी तीन फुटी टाकी पुरते. आत दगडांच्या कपारी, लाकूड आणि वर तरंगत्या वनस्पती. पाणी आठवड्याला पाव-एक बदला. नळाचं असेल तर आधी क्लोरीन काढा.

खायला गांडूळ, सोललेल्या कोळंबीचे तुकडे, किडे. मोठ्या माशाला दिवसाआड दिलं तरी पुरे.

जोडी जबरदस्तीने जमत नाही. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवा. दोघांनी एक कोपरा बळकावला आणि बाकीच्यांना हुसकावलं की त्या बाकीच्यांना लगेच वेगळं काढा, नाहीतर मारामारीत जीव जातात. पुढे नराने खाणं सोडलं आणि जबड्याखालचा भाग फुगलेला दिसला, तर औषधाची बाटली काढू नका. तोंडात अंडी आहेत. खोलीतला दिवा मंद करा, जाळं लांब ठेवा.