एनएसलुकअपला सापडतं, पिंगला सापडत नाही

ऑफिसातल्या डेबियन लिनक्सवर ‘साठा.लोकल’ या नावाचा आयपी पत्ता एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) बरोबर द्यायचा, पिंग (मशीन उत्तर देतं का ते पाहणारी कमांड) मात्र हात वर करायचा. अशा वेळी डीएनएस सर्व्हरच्या (नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या) मागे लागू नका. एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतो. पिंग, ब्राउझर वगैरे आधी ईटीसी फोल्डरमधल्या एनएसस्विच.कॉन्फ या फाइलची ‘होस्ट्स’ ओळ पाळतात; नाव कुठे, कोणत्या क्रमाने शोधायचं ते ती सांगते. तिथला क्रम: फाइल्स (मशीनवरचीच होस्ट्स फाइल), एमडीएनएस4_मिनिमल (मल्टिकास्ट डीएनएस, म्हणजे सर्व्हरऐवजी नेटवर्कवरच्या मशीन्सनाच विचारणं), चौकोनी कंसात ‘नॉटफाउंड=रिटर्न’, शेवटी डीएनएस. नाव ‘.लोकल’ असलं की एमडीएनएस नेटवर्कवर हाक मारतो; कुणी ओ दिली नाही की ‘नॉटफाउंड=रिटर्न’मुळे शोध तिथेच थांबतो. डीएनएसचा नंबर लागतच नाही! मी ‘डीएनएस’ हा शब्द एमडीएनएसच्या आधी आणला आणि हाच क्रम पाळणाऱ्या ‘गेटएंट होस्ट्स’ कमांडने तपासलं. पत्ता लगेच आला.

तरी नवं नेटवर्क उभारताना ‘.लोकल’ टाळाच, 2013 पासून ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ उत्तम.