म्हाताऱ्या कुत्र्याला वेदनाशामक देताना

म्हातारा कुत्रा दुखतंय म्हणून सहसा केकाटत नाही. उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मागचं अंग ओढून घेतो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकतो, एकच सांधा चाटत बसतो, रात्री धापा टाकत जागा बदलत राहतो. मागच्या पायांची नखं वरच्या बाजूने घासलेली दिसली, तर पाय पुरता उचलला जात नाही असं समजा. दोष सांध्यात आहे की मणक्यातल्या नसेत, हे डॉक्टरांनी तपासायचं. ‘वय झालं’ म्हणून हे सोडून देऊ नका, आणि दुष्परिणामांच्या भीतीने औषध टाळूही नका. बहुतेक कुत्र्यांना ही औषधं सोसतात. जिथे बिघडतं तिथे कारणं बहुधा ठरलेली असतात: चुकलेलं माप, एकत्र देऊ नयेत अशी दोन औषधं, किंवा पहिली खूण दिसल्यावरही चालू ठेवलेली गोळी.

सुरू करण्याआधी

कुत्र्याचं वजन त्याच आठवड्यात केलेलं हवं. रक्तात यकृताची एन्झाइम्स (एएलटी, एएलपी), मूत्रपिंडाचं काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि युरिया, पेशींची मोजणी, शिवाय लघवीची घनता तपासून घ्या. लघवीची तपासणी अनेकदा राहून जाते, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात तीच फार कामाची असते, कारण रक्तातलं क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडाची बरीचशी ताकद आधीच गेलेली असते. चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा. त्वचेच्या खाजेसाठी महिन्यापूर्वी दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, हृदयाच्या गोळ्या, सांध्यांची पावडर, सगळं. आणि औषधाआधी कुत्रा उठताना, चालताना, वळताना असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दोन आठवड्यांनी तसाच दुसरा काढून शेजारी ठेवला, तर फरक पडला की नाही याचा अंदाज आठवणीवर सोडावा लागत नाही.

माप

सांध्यांच्या दुखण्यावर पहिलं औषध बहुधा दाहशामक (सूज आणि वेदना कमी करणाऱ्या, स्टेरॉइड नसलेल्या) गटातलं असतं: कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब. कार्प्रोफेनचा नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे ४.४ मिग्रॅ, एकदम किंवा दोनदा २.२ करून. फिरोकॉक्सिब किलोमागे ५ मिग्रॅ, दिवसातून एकदा. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि दुसऱ्या दिवसापासून ०.१. हे आकडे डॉक्टरांनी लिहिलेला डोस पडताळण्यासाठी आहेत, स्वतः सुरू करण्यासाठी नाहीत.

मेलॉक्सिकॅमच्या पातळ औषधात चूक सर्वांत सोपी. १८ किलोच्या कुत्र्याला रोज १.८ मिग्रॅ लागतं. बाटलीत एका मिलीत १.५ मिग्रॅ असेल तर ते होतं १.२ मिली. पण सोबतच्या सिरिंजवर पुष्कळदा मिलीच्या नव्हे, कुत्र्याच्या वजनाच्या किलोच्या खुणा असतात. त्या सिरिंजवर १८ च्या खुणेपर्यंत भरायचं. तीच खूण मिली समजून साध्या सिरिंजने १८ मिली दिलं, तर डोस पंधरापट होतो. शिवाय एका मिलीत ०.५ मिग्रॅ असलेली बाटलीही मिळते, म्हणून नवी बाटली आणली की लेबल पुन्हा वाचा. आणि पहिल्या दिवसाचा दुप्पट डोस पुढे तसाच चालू राहत नाही ना, हे दुसऱ्या दिवशी पाहा.

या गोळ्या जेवणासोबत द्या. एखादी विसरली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. सांधेदुखीचं आणखी एक औषध, ग्रॅपिप्रँट, थोडं वेगळं, किलोमागे २ मिग्रॅ. ते अन्नासोबत कमी शोषलं जातं, म्हणून जेवणाच्या तासभर आधी.

एकत्र चालत नाहीत अशी औषधं

दाहशामक आणि स्टेरॉइड (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन) एकत्र कधीही नाही. दोन्ही मिळून जठराच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात आणि अल्सर फुटून पोटात छिद्र पडू शकतं. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये साधारण ५ ते ७ दिवस दोन्हींपैकी काहीच देत नाहीत. लांब टिकणाऱ्या इंजेक्शननंतर त्याहून जास्त. दोन दाहशामकंही एकत्र नाहीत, आणि ॲस्पिरिन त्यातच धरायचं.

हृदयविकार असलेल्या कुत्र्यांबाबत विशेष जपा. एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल या हृदयाच्या गोळ्या, जोडीला लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, आणि वर दाहशामक असं झालं की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह तिन्ही बाजूंनी कमी होतो. त्यात कुत्र्याला जुलाब लागले किंवा उन्हात पाणी कमी प्यायला, तर मूत्रपिंड झपाट्याने निकामी होऊ शकतं.

माणसांची औषधं देऊच नका. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यांचं पोट आणि मूत्रपिंड थोड्या मात्रेतही बिघडवतात. पॅरासिटामॉल डॉक्टर कधीकधी मोजून देतात, पण अंदाजाने दिलेली गोळी यकृत जाळते. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: घरातल्या कुणी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावलं असेल आणि कुत्रा तो गुडघा चाटत असेल, तर तेही औषध त्याच्या पोटात जातंच.

दुष्परिणाम ओळखायचे कसे

पहिली खूण बहुतेक वेळा वाडग्यात दिसते. जो कुत्रा वाडगा चाटून पुसून ठेवतो, तो वास घेऊन मागे सरकतो. उलटी, जुलाब, काळी शी हे त्यानंतरचं. म्हणून नियम साधा ठेवा: कुत्र्याने जेवण सोडलं, उलटी झाली किंवा जुलाब लागले, तर त्या वेळची दाहशामकाची गोळी द्यायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. एक दिवस गोळी चुकल्याने थोडं दुखेल. रिकाम्या, चिडलेल्या पोटावर गोळी गेली तर अल्सर वाढेल.

काळी शी नीट बघायची तर ती पांढऱ्या टिश्यूवर दाबून पुसा. कडेला लालसर तपकिरी डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त असण्याची शक्यता मोठी, मग थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तिला सहसा डांबरासारखा चिकटपणा आणि तो उग्र वास नसतो. हिरड्या फिक्या पडल्या, कुत्रा अशक्त होऊन बसून राहिला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

यकृताची प्रतिक्रिया क्वचित होते, पण होते, आणि कार्प्रोफेनमध्ये ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच दिसते. सुस्ती, उलट्या, डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळसर, लघवी गडद. ती डोस जास्त झाल्यामुळेच होते असं नाही, त्यामुळे योग्य माप देणाऱ्यांनीही बेसावध राहू नये. म्हणून औषध सुरू केल्यानंतर २ ते ४ आठवड्यांनी रक्ततपासणी पुन्हा, आणि पुढे दर ३ ते ६ महिन्यांनी. पाणी अचानक जास्त पिणं, लघवी वाढणं ही मूत्रपिंडाची खूण. वाडग्यात पाणी मोजून घातलं तर ती लवकर कळते.

दाहशामक पुरत नसेल तेव्हा

नसांच्या वेदनेवरचं गॅबापेंटिन अनेकदा जोडीला देतात, साधारण किलोमागे १० मिग्रॅपासून, दिवसातून दोन-तीनदा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस कुत्रा गुंगीत असतो, मागचे पाय लटपटतात. घसरत्या फरशीवर चटया अंथरा आणि जिना अडवा. आठवड्यानंतरही तेवढाच लटपटत असेल तर डोस कमी करायला सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध साठतं, डोस मुळातच कमी हवा. हे औषध महिनोन्महिने चालू असेल तर एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवा. आणि माणसांसाठीचं पातळ गॅबापेंटिन अजिबात नको: त्यात गोडव्यासाठी झायलिटॉल असू शकतं, आणि झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली जाते.

ट्रॅमाडोल या वेदनाशामकाकडून फार अपेक्षा ठेवू नका. माणसाच्या शरीरात त्यातून जो प्रभावी घटक बनतो, तो कुत्र्याच्या शरीरात फारच कमी बनतो. फ्लुओक्सेटिन किंवा सेलेजिलीन (वागणुकीच्या तक्रारींवरची औषधं) चालू असलेल्या कुत्र्याला ते धोक्याचंही आहे. अस्वस्थता, थरथर, ताप अशी लक्षणं येतात.

बेडिनव्हेटमॅब हे महिन्यातून एकदा त्वचेखाली देण्याचं इंजेक्शन. ते नसांच्या वाढीच्या घटकाला बांधून वेदनेचा संदेश कमी करतं, पोटावर ताण येत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) डिसेंबर २०२४ मध्ये त्याबद्दल पशुवैद्यांना पत्र पाठवून तोल जाणं, झटके, मागच्या पायांत कमजोरी, लघवीवर ताबा न राहणं, तहान वाढणं अशा नोंदी कळवल्या; काही कुत्रे दगावल्याचंही त्यात आहे. पुष्कळ कुत्र्यांना त्याने छान आराम मिळतो, पण आधीपासून नसांची तक्रार असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगा. एकदा टोचल्यावर ते परत काढता येत नाही.

गोळ्यांचा डोस आराम पडल्यावर डॉक्टरांच्या सांगण्याने जितका खाली येईल तितका आणायचा. त्यात सर्वांत मोठी मदत वजनाची: जाड कुत्र्याचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी लंगडणं कमी होताना दिसतं.

शेवटी गोळ्यांच्या डब्याविषयी. या गोळ्या मांसाच्या चवीच्या असतात आणि कुत्रा संपूर्ण पाकीट फाडून खातो, म्हणून वरच्या कपाटात, बंद झाकणात ठेवा. खाल्ल्याच तर लक्षणांची वाट पाहू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. तेवढ्या मिठाने स्वतंत्र विषबाधा होते. डॉक्टरांना लगेच फोन करा आणि पाच गोष्टी सांगा: औषधाचं नाव, एका गोळीत किती मिग्रॅ, किती गोळ्या गेल्या, कुत्र्याचं वजन, आणि साधारण किती वेळ झाला. फाटलेलं पाकीट सोबत घेऊन निघा.