अप्रेझलचं नवं सॉफ्टवेअर घेताय? आधी या चुका टाळा

अप्रेझलबद्दल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामगिरीच्या वार्षिक मूल्यमापनाबद्दल, तक्रारी वाढल्या की कंपन्या नवं सॉफ्टवेअर शोधू लागतात. डेमो होतात, डॅशबोर्ड आवडतो, खरेदी होते आणि वर्षभराने त्याच तक्रारी नव्या स्क्रीनवर येतात. मॅनेजर आणि त्याच्या टीममध्ये कामाबद्दल वर्षभर नीट बोलणंच होत नसेल, तर कुठलंही टूल ती उणीव भरून काढू शकत नाही.

सगळं शेवटच्या दोन दिवसांवर ढकलणं

सध्याच्या सिस्टिममधून एकच रिपोर्ट काढा: कोणत्या तारखेला किती नोंदी झाल्या. बहुतेक नोंदी मुदत संपायच्या आदल्या दिवशीच्या असतील, तर फॉर्म आठवणीवर भरले जात आहेत. आठवणीत राहतात ते शेवटचे दोन-तीन महिने. मग पहिल्या तिमाहीत हातचा जाणारा ग्राहक टिकवणाऱ्यालाही गेल्या महिन्यातल्या एका उशिराचाच हिशेब द्यावा लागतो. हे खरंच अन्यायकारक आहे, आणि लोक ते विसरत नाहीत.

पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं बसा. काय झालं, काय अडलं, पुढे काय, एवढंच बोला आणि दोन ओळी तिथल्या तिथे लिहून ठेवा. अडोबीने 2012 मध्ये वार्षिक आढावा बंद करून अशाच छोट्या, नियमित बैठका सुरू केल्या. डेलॉइटने आपल्या जुन्या पद्धतीचा हिशेब मांडला, तेव्हा फॉर्म, बैठका आणि रेटिंग यांवर वर्षाला जवळपास 20 लाख तास जात असल्याचं दिसलं. त्यातले बरेच तास वरिष्ठांच्या आपसातल्या चर्चेत जात होते. हाच वेळ कर्मचाऱ्याशी बोलण्यात गेला तर त्याचा उपयोग होतो.

मोघम केआरए, किंवा नुसता आकडा

'ग्राहकांचं समाधान वाढवणे' असा केआरए (म्हणजे वर्षभरासाठी ठरवून दिलेली मुख्य जबाबदारी) असेल, तर वर्षअखेरीस वाद ठरलेला. त्याऐवजी 'प्रत्येक तक्रारीला 24 तासांत पहिलं उत्तर, आणि तीच तक्रार पुन्हा येण्याचं प्रमाण निम्म्यावर' असं लिहिलं, की काय करायचं ते दोघांनाही कळतं.

पण या उदाहरणात मापं दोन आहेत, ते मुद्दाम. एकट्या आकड्याच्या मागे लावलं की माणसं तो आकडा गाठतात, कसाही. वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटचा दबाव इतका होता की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली. 2016 मध्ये हे प्रकरण बाहेर आलं, बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे 5,300 जणांच्या नोकऱ्या गेल्याचं समोर आलं. वेगाचं माप लावलंत तर शेजारी दर्जाचंही लावा. आणि वर्षाच्या मध्ये कामाची दिशा बदलली, तर केआरएही त्याच आठवड्यात बदला.

रेटिंग सारखं करायला बेल कर्व्ह

एक मॅनेजर सगळ्यांना 4 देतो, दुसरा 3 च्या वर जात नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वभावातून आलेला आढळला. म्हणजे दुखणं खरं आहे. पण बेल कर्व्हने, म्हणजे ठरावीक टक्के लोकांना वरचं, मधलं आणि तळाचं रेटिंग देण्याच्या सक्तीने, ते बरं होत नाही. सात जणांची चांगली टीम असेल तरी कुणाला तरी तळाशी बसवावंच लागतं, आणि मग सहकारी एकमेकांना मदत करताना हात आखडता घेतात. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत सोडली.

मॅनेजरना एकत्र बसवा. प्रत्येकाने आधी कामाची उदाहरणं सांगायची, आकडा नंतर. 'ती खूप मेहनती आहे' एवढ्यावर 5 मागणाऱ्याला इतरांनी विचारायचं, 'मेहनतीतून काय झालं?' सुरुवातीला असं विचारणं अवघड जातं, पण दोन-तीन बैठकांत सवय होते.

पगारवाढ आणि सुधारणा एकाच बैठकीत

इन्क्रिमेंटचा आकडा एकदा कानावर पडला की पुढचं काही ऐकू येत नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभ्यासातून 1965 मध्येच या दोन चर्चा वेगळ्या ठेवण्याचा सल्ला पुढे आला होता. मध्ये काही आठवडे जाऊ द्या.

स्वभावावर बोट ठेवणारा फीडबॅक

फीडबॅक दिला की काम सुधारतंच, हे गृहीत धरू नका. 1996 च्या एका व्यापक आढाव्यात एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली. रोख कामावरून माणसावर गेला की हा धोका वाढतो. 'तुमचं कम्युनिकेशन सुधारायला हवं' यावर कुणी काय करणार? 'मंगळवारच्या मीटिंगमध्ये ग्राहकाने तारीख विचारली, तेव्हा टेस्टिंग बाकी आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत. त्यांनी तीच तारीख पुढे कळवली' असं सांगितलं, तर पुढच्या मीटिंगमध्ये काय बदलायचं ते समजतं.

टूल घ्यायचंच असेल तर

जुना चाळीस रकान्यांचा फॉर्म नव्या सिस्टिममध्ये जसाच्या तसा चढवू नका. एका विभागात एक तिमाही चालवून बघा. नोंद करायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर लोक ती करणार नाहीत. आणि डेमोच्या वेळी विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगा: वर्षाच्या मध्ये मॅनेजर बदलला, तर आधीच्या नोंदी आणि ठरलेले केआरए नव्या मॅनेजरला पहिल्याच दिवशी दिसतात का? दिसत नसतील, तर त्या कर्मचाऱ्याचे आधीचे सहा महिने कोऱ्या पाटीवर जातात.