सेटवर नवीन आहात? मग सेटच्या भाषेतल्या या चुका टाळा

शूटिंगच्या सेटवर नवीन माणसाचा जो गोंधळ होतो ना, तो काम येत नाही म्हणून फार कमी वेळा होतो, बहुतेक वेळा समोरचा काय बोलला तेच कळलेलं नसतं आणि तरी मान डोलावलेली असते. हे शब्द शायनिंग मारायला नाहीयेत. एकाच खोलीत जड सामान, करंट, गरम लाईट आणि घड्याळ हे सगळं एकदम सांभाळायचं असतं, तिथे एका शब्दात पूर्ण सूचना पोचावी म्हणून ते रूढ झालेत. सगळे शब्द पहिल्या दिवशी माहीत नसले तर कोणी खात नाही, पण न समजता हो म्हणणाऱ्या माणसाचा सगळ्यांनाच त्रास होतो.

आणि तो हो म्हणजे वॉकीवरचं "कॉपी". कॉपी म्हणजे ऐकलं आणि समजलं, दोन्ही. समजा कोणी म्हणालं, कॅमेऱ्याजवळ दोन हाफ ॲपल आणि एक पॅनकेक आण, आणि तुम्ही कॉपी बोलून मोकळे झालात, तर तिकडे सगळे धरून चालतात की सामान निघालं, कोणी दुसरा माणूस पाठवत नाही, आणि तुम्ही इकडे ॲपल म्हणजे काय ते शोधताय. (ॲपल बॉक्स म्हणजे लाकडी खोका, फुल ८ इंच उंच, हाफ ४, क्वार्टर २ आणि पॅनकेक १ इंच.) कळलं नसेल तर सरळ "परत सांगा" म्हणा, किंवा जे ऐकलं ते उलट बोलून दाखवा, "दोन हाफ, एक पॅनकेक, कॅमेऱ्याला", दोन सेकंद जातात फक्त. ऐकलंय पण हात अडकलेत तर "स्टँड बाय". आणि "फ्लाइंग इन" म्हणजे वस्तू घेऊन कोणीतरी ऑलरेडी निघालंय, त्यामुळे वस्तू अजून व्हॅनमध्येच असताना फ्लाइंग इन बोलू नका, त्या भरवशावर पुढचा शॉट उभा केला जातो. बटन दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि "नको आणू" चं नुसतं "आणू" पोचतं.

एका शब्दाचे दोन अर्थ, इथे खरी भीती आहे

स्ट्राइक हा शब्द घ्या. लाईटवाल्यांकडे "स्ट्राइकिंग!" म्हणजे लाईट चालू करतोय, डोळे सांभाळा. बाकी सगळीकडे स्ट्राइक करणे म्हणजे वस्तू सेटवरून काढणे. आता घाईत कोणी ओरडलं की "मागचा लाईट स्ट्राइक करा", तर एकाचा हात स्विचकडे जातो आणि दुसरा त्याच वेळी स्टँड उचलायला वाकलेला असतो, तोंड नेमकं लाईटसमोर. म्हणून असं वाक्य आलं की हलायच्या आधी विचारा, "चालू करू की काढू?" कोणी हसत नाही, अनुभवी माणसंसुद्धा विचारतात. तुम्ही स्वतः लाईट लावणार असाल तर आधी मोठ्याने "स्ट्राइकिंग", मग एक श्वास थांबा, मग स्विच. बंद करायचा तर "किल" म्हणतात, पण किल केलेला टंगस्टन लाईट लगेच थंड होत नाही, हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

हॉटचंही तेच. हॉट सेट म्हणजे इथे शूट अजून बाकी आहे, कप जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे, खुर्चीवर बसायचंसुद्धा नाही. हॉट केबल म्हणजे आत करंट आहे. वॉकीच्या बॅटरीला ब्रिक म्हणतात, त्यामुळे हॉट ब्रिक मागितली की चार्ज केलेली बॅटरी द्यायची. हॉट सेटवर चुकून काही हललंच तर गुपचूप अंदाजाने परत ठेवू नका, कंटिन्युटी (म्हणजे शॉटमागून शॉट सगळं तसंच राहतंय ना ते) बघणाऱ्याला लगेच सांगा, त्यांच्याकडे फोटो असतात.

लेन्स हातात देताना "गॉट?" असं विचारतात त्याचं उत्तर नीट पकड बसल्यावरच द्यायचं. देणारा तोपर्यंत हात सोडत नाही, आणि "गॉट" ऐकलं की सोडतोच. सवयीने आधीच गॉट बोललात आणि बोटं अजून लेन्सखाली पोचलीच नाहीत तर पुढे काय होतं ते सांगायला नको. देणारे तुम्ही असाल तर उत्तर येईपर्यंत लेन्स सोडायचीच नाही, समोरचा कितीही सिनियर असो.

डावं-उजवं हा अजून एक किचकट प्रकार. कॅमेरा लेफ्ट म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारी डावी बाजू, ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची उजवी होते. नाटकातून आलेल्यांना स्टेज लेफ्टची सवय असते, म्हणजे नटाची डावी, म्हणून ते हमखास उलटे जातात. नुसतं "लेफ्टला घे" ऐकू आलं तर कोणाचं लेफ्ट ते विचारून घ्या.

क्लॅपच्या वेळच्या चुका

क्रम साधारण असा असतो: "रोल साउंड", साउंडवाला "स्पीड" म्हणतो, मग "रोल कॅमेरा", कॅमेरा चालू, मग क्लॅप देणारा सीन-टेक बोलून "मार्क" म्हणतो आणि पट्टी आपटतो, कॅमेरावाला फ्रेम धरून "सेट" म्हणतो, मग ॲक्शन. साउंड आधी चालू करायचं कारण फिल्मच्या काळातलं आहे, टेपपेक्षा फिल्म महाग, आणि मशीनला योग्य वेग पकडायला थोडा वेळ लागायचा, तो पकडला की स्पीड.

इथे सगळ्यात जास्त फसतो तो टेल स्लेट. सुरुवातीला क्लॅप देणं शक्य नसेल, म्हणजे नट आधीच भावनेत शिरलाय किंवा कॅमेरा भलत्याच कोपऱ्यात आहे, तेव्हा क्लॅप शेवटी देतात आणि पाटी उलटी धरतात म्हणजे एडिटरला बघताक्षणी कळतं की हा शेवटचा क्लॅप आहे. अडचण अशी की सीन संपला की तोंडातून "कट" निघतंच आणि कॅमेरा बंद होतो, मग क्लॅप राहिला तो राहिलाच. म्हणून रोल करायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल असं "टेल स्लेट" सांगायचं आणि टेक संपत आला की क्लॅपवाल्याने फ्रेमच्या कडेलाच तयार राहायचं, कट ऐकू आलं की लगेच "टेल स्लेट!" ओरडत आत.

पहिला क्लॅप फ्रेमच्या बाहेर गेला तर परत आपटताना "सेकंड स्टिक्स" म्हणा. नाही म्हणालात तर एडिटरकडे दोन आवाज येतात आणि कुठला जुळवायचा ते त्याला कळत नाही. नटाच्या तोंडाजवळ क्लॅप असेल तर "सॉफ्ट स्टिक्स" आणि हळू आपटा, कानाजवळ फटाका फोडल्यासारखं करू नका. एमओएस म्हणजे आवाजाशिवायचा शॉट, त्यात पट्टी आपटायचीच नाही, दोन पट्ट्यांच्या मधे बोटं ठेवून धरतात.

बॅक टू वन म्हणजे सगळे पहिल्या जागेवर, फक्त नट नाही, मागून चालणारी माणसं, गाडी, अर्धा प्यायलेला ग्लास, सगळं. ग्लास भरायचा राहतो नेहमी.

लाईट आणि ग्रिपच्या कामाची वाटणी सगळीकडे एकसारखी नसते, हेही लक्षात ठेवा. अमेरिकन पद्धतीत गॅफरची टीम लाईट आणि वीज बघते आणि प्रकाश अडवणारे फ्लॅग वगैरे ग्रिपकडे असतात, ब्रिटिश पद्धतीत फ्लॅगसुद्धा लाईटवाल्यांचंच काम, त्यांना स्पार्क म्हणतात, आणि ग्रिप मुख्यतः कॅमेऱ्याची डॉली (चाकांची गाडी) वगैरे सांभाळतात. त्यामुळे वाचून आलेला शब्द लगेच वापरायच्या आधी इथे काय चालतं ते बघा. बेस्ट बॉय हा पोऱ्या नसतो, गॅफरचा किंवा ग्रिपच्या प्रमुखाचा (त्याला "की ग्रिप" म्हणतात) पहिला सहाय्यक असतो, आणि बाई असली तरी पद तेच. सी-४७ मागितला तर तो कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, गरम लाईटच्या झडपांना रंगीत जेल (प्रकाशाचा रंग बदलणारा पारदर्शक कागद) लावायला, लाकूड चटकन तापत नाही म्हणून तोच हवा. प्लॅस्टिकचा आणून देऊ नका, वितळतो.

शेवटची चूक दिवसाच्या शेवटी होते. मार्टिनी म्हणजे दिवसातला शेवटचा शॉट, आणि त्याच्या आधीच्या शॉटला ॲबी सिंगर म्हणतात, त्याच नावाच्या हॉलिवूडमधल्या असिस्टंट डायरेक्टरवरून (१९१७–२०१४). ते आधीच सांगून ठेवायचे की हा आणि अजून एक, मग आपण हलतोय, म्हणजे लोकांना आवराआवरी वेळेत सुरू करता यायची. पण आवराआवरी म्हणजे लांबचं, न लागणारं सामान. ॲबी ऐकलं की काही जण सेटच्या शेजारीच केबल गुंडाळायला लागतात, खोके आपटतात आणि शेवटचा टेक आवाजामुळे वाया जातो, मार्टिनी अर्धा तास पुढे. मार्टिनीला कट झाल्यावरही "चेक द गेट" बाकी असतं, पूर्वी कॅमेऱ्याच्या गेटमध्ये (फिल्मवर प्रकाश पडतो त्या चौकटीत) केस किंवा कचरा अडकलाय का ते बघायचे, आता बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंग नीट झालंय का ते बघतात. तिथून ओके आलं आणि असिस्टंट डायरेक्टरने पॅकअप पुकारलं की मगच लाईट उतरवायला घ्या, आणि कोणी त्याआधी स्टँडला हात घातला तर तिथेच थांबवा.