पाच इनपुटचं फंक्शन चार इनपुटच्या एलयूटीत कसं बसवायचं

अंबडच्या एखाद्या कारखान्यातलं साधं कंट्रोल पॅनेल घेऊ. भट्टीवर तीन सेन्सर: क, ख, ग. निदान दोघांनी ‘तापलं’ म्हटलं तर पंख्याने घ स्विचचं ऐकायचं, नाहीतर च स्विचचं. इनपुट झाले पाच. एफपीजीए म्हणजे हवं ते सर्किट नंतर भरता येणारी चिप. तिच्यातला आपला एलयूटी (इनपुटच्या प्रत्येक जुळणीचं उत्तर साठवणारा छोटा तक्ता) घेतो चारच.

घ ० धरून एक फंक्शन आणि १ धरून दुसरं, अशी शॅननची फोड करता येते. पण दोन एलयूटी आणि त्यांतून निवडणारा मल्टिप्लेक्सर तिसऱ्यात, असे तीन खर्ची पडतात. संगणकतज्ज्ञ अ‍ॅशेनहर्स्टने १९५७ मध्ये मांडलेली रीत जास्त काटकसरीची आहे.

कागदावर क-ख-गचे आठ स्तंभ आणि घ-चच्या चार ओळी (००, ०१, १०, ११) आखा. प्रत्येक चौकटीत आउटपुट भरा. मग एकेक स्तंभ वरून खाली वाचा. ०००, ००१, ०१०, १०० या चौघांत ०१०१ येतं, उरलेल्या चौघांत ००११. स्तंभ आठ, नमुने दोनच! म्हणजे पुढच्या भागाला तिन्ही सेन्सर कळायची गरज नाही, नमुना कोणता हे सांगणारी एक तार पुरते. तिला म म्हणू. पहिला एलयूटी क, ख, गवरून म काढतो, दुसरा म, घ, च घेऊन पंखा चालवतो. दोनात काम झालं.

खरी मेख गट निवडण्यात आहे. स्तंभांवर ग-घ-च घेऊन बघा: नमुने सहा निघतात. एका तारेने दोन, दोन तारांनी चार नमुने ओळखता येतात. सहांना तीन तारा हव्यात. तीन इनपुट आत, तीन तारा बाहेर, कमाई शून्य. पाचातून तीन निवडण्याचे मार्ग दहाच, तेव्हा सगळे तपासा. एकाहून जास्त तारांची फोड कर्टिसने पुढे मांडली, तीही वापरा; फक्त तारा गटातल्या इनपुटपेक्षा कमी हव्यात. कॉलेजात घोटलेला के-मॅप (तक्त्यातले १ गटांत जोडून सूत्र लहान करायची रीत) इथे फारसा कामाचा नाही. तो गेट वाचवतो, एलयूटीला मोजायचे असतात इनपुट.

वीस इनपुट असले तर तक्त्यात १०,४८,५७६ चौकटी होतात. तेव्हा बीडीडी काढा (एकेक इनपुट ० की १ असं विचारत बाणांनी खाली जाणारी आकृती; प्रत्येक प्रश्न म्हणजे एक नोड), गटातले इनपुट वरच्या थरांत ठेवा, त्यांच्याखाली आडवी रेघ मारा. वरून येणारे बाण रेघेपलीकडे ज्या वेगवेगळ्या नोडना भिडतात, तेवढे नमुने.

डोन्ट-केअर, म्हणजे ० असो वा १, काही बिघडत नाही अशा चौकटी असतील तर न भांडणारे स्तंभ (एकाच ओळीत एकात ० आणि दुसऱ्यात १ असं कुठेच नसलेले) एकत्र करा. पण जपून: पहिला दुसऱ्याशी जुळतो, दुसरा तिसऱ्याशी, म्हणून पहिला तिसऱ्याशी जुळेलच असं नाही. भांडणाऱ्या स्तंभांमध्ये रेघा ओढून ग्राफ रंगवा, रेघेने जोडलेल्या दोघांना एकच रंग नको; एका रंगाचे स्तंभ एकत्र करा. रंग जितके कमी, तितके नमुने कमी. पाचाचे चार झाले तरी एक तार वाचते.